रिकामी खाच

"एकही खिळा नाही, बाबा. नुसत्या लाकडी खुंट्या. काय सुतार असेल." चारशे वर्षं जुन्या इंग्लिश पबच्या खांबावरून मुलगा हात फिरवत होता.

सगुण मेस्त्रींना तो कधीचा मेलेला सुतार खुपला. गावचं देऊळ त्यांनीही बिनखिळ्याचं उभारलं होतं. तिथल्या एकाही खांबाला मुलाचा हा हात लागला नव्हता.

ते एकेक खांब तपासत गेले आणि कोपऱ्यात थांबले. "हा बघ तुझा सुतार. चुकीच्या बाजूला खाच पाडली आणि तशीच रिकामी ठेवली."

मुलगा वाकून बघत राहिला. "दहा वर्षं येतोय, मला कधी दिसली नाही. म्हणजे कच्चाच होता."

मेस्त्रींनी खाचेत बोट घातलं. आतले कोपरे अजून काटकोनात होते.

"कच्चा नव्हता रे," ते म्हणाले. "दिवस मावळत आला असेल."