सुनेत्राने दिलेला ‘स्टॉप’

“आज ते भारीतलं पिस्तूल आणलं नाहीस?” सुनेत्राने विचारलं.

“नाही गं. जुनंच आणलंय, तुझ्यासारखं,” कमरेचा पट्टा आवळत गिरिजा म्हणाली. “तू एका डिव्हिजनमध्ये, मी दुसऱ्या. त्यात काय मजा? मला तुझ्याबरोबर खेळायचंय.”

सुनेत्रा हसली. बळेच हसल्यामुळे तिचे गाल दुखले.

दोघींच्या अल्फारेटा गावापासून तासाभराच्या ड्राइव्हवर असलेल्या या नेमबाजीच्या रेंजवर गिरिजाला तिनेच आणलं होतं. धावत धावत पुठ्ठ्याची टार्गेटं टिपायची, नेम आणि वेग दोन्ही मोजले जाणार, असा हा खेळ. पिस्तूल कोणतं घ्यायचं, होल्स्टर कसलं, कानांवर काय चढवायचं, सगळं सुनेत्राने सांगितलं. “साधंच घे, दुकानात मिळतं तसं. उगाच वर काही बसवू नकोस.” गिरिजाने निमूटपणे तिच्यासारखंच घेतलं आणि वर्षाच्या आत तिच्या पुढे निघून गेली.

मग गिरिजाच्या नवऱ्याने, विनयने, तिला वाढदिवसाला नेम सोपा करणारी लाल ठिपक्याची साइट बसवलेलं महागडं पिस्तूल दिलं. सुनेत्राला तेव्हा हायसं वाटलं होतं. तसल्या पिस्तुलांचा गट वेगळा. शिवाय गिरिजा जिंकली की म्हणता यायचं, “असलं पिस्तूल हातात असल्यावर कोणीही जिंकेल यार.”

आज तेही म्हणता येणार नव्हतं.

दुपारपर्यंत गिरिजा पहिली होती आणि सुनेत्रा तिसरी. मॅच चालवणारा वॉल्टर, पांढऱ्या मिशांचा, मोजकं बोलणारा म्हातारा, जाता जाता गिरिजाच्या पाठीवर थाप मारून गेला. सुनेत्रा इथे कितीतरी वर्षं येत होती. टार्गेटच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावायला, शेवटी रिकाम्या पुंगळ्या वेचायला ती सगळ्यांच्या आधी हजर असायची. तिच्या पाठीवर वॉल्टरने कधी थाप मारली नव्हती.

शेवटच्या स्टेजला, म्हणजे फेरीला, वेळ आणि नियम बघणारी रेंज ऑफिसर म्हणून टायमर सुनेत्राच्या हातात आला. इथला नियम लहान मुलालाही पाठ झाला असता. पिस्तुलाची नळी कायम समोरच्या मातीच्या बांधाकडे. ती मागे वळली, की त्या दिवसापुरता खेळ खलास. मग तुम्ही कोणीही असा.

सगळे ताडपत्रीच्या आडोशामागे जाऊन थांबले. विनय तेवढा कडेच्या बाकावर चढून हॅंडीकॅमने शूटिंग करत होता.

बीप वाजला. गिरिजा पुढच्या पिंपापर्यंत धावली, तिथली टार्गेटं तिने पटापट टिपली आणि ती मागच्या फळीतल्या खिडकीकडे परत फिरली. सुनेत्रा खिडकीपाशीच उभी होती. गिरिजा तिच्याच दिशेने धावत येत होती. वेग जबरदस्त होता, धापही लागलेली नव्हती. आता खिडकीतून शेवटची टार्गेटं टिपली, की झालं.

“स्टॉप!” सुनेत्रा ओरडली.

गिरिजा जागीच थबकली. तिने पिस्तूल रिकामं करून दाखवलं, होल्स्टरमध्ये ठेवलं आणि मगच विचारलं, “काय झालं?”

“नळी मागे वळली.”

“अगं बाई! मला कळलंसुद्धा नाही.”

वॉल्टर ताडपत्रीमागून आला. “नक्की?” त्याने विचारलं.

“नक्की,” सुनेत्रा म्हणाली.

गिरिजाने वाद घातला नाही. तिचे डोळे भरून आले होते, तरी तिने सुनेत्राचा हात हातात घेतला. “थँक्स. तू होतीस म्हणून बरं झालं.”

आणि ती चिकटपट्ट्यांचा रोल घेऊन दुसऱ्यांच्या टार्गेटांची भोकं बुजवायला निघून गेली.

सुनेत्राला ते बघवेना. टायमर तेवढ्यापुरता दुसऱ्याकडे देऊन तिने स्वतःची स्टेज कशीबशी पार पाडली. शेवटी तिने वॉल्टरला बाजूला गाठलं.

“मला काहीच चुकीचं दिसलं नव्हतं,” ती म्हणाली. “ती जिंकत होती. मला सहन झालं नाही, म्हणून ओरडले.”

वॉल्टरने टायमरसाठी हात पुढे केला. “माझ्या रेंजवर हा पुन्हा हातात घ्यायचा नाही.”

गिरिजाला सुनेत्राने स्वतःच सांगितलं. गिरिजाने फक्त कमरेचा पट्टा पुन्हा आवळला. तिला ती स्टेज पुन्हा खेळायला मिळाली. या वेळी टायमर वॉल्टरकडे होता. ती शांतपणे खेळली आणि मॅच जिंकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेत्रानेही वाजवल्या. गिरिजाने तिच्याकडे पाहिलं नाही.

सुनेत्रा सामान गाडीत टाकत होती, तेवढ्यात विनय हॅंडीकॅम घेऊन आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“कुठे निघालात? थांबा. वॉल्टर, तूही ये. हिने माझ्या बायकोवर काय आळ घेतला ते सगळ्यांना दिसू दे.”

“जाऊ दे ना, विनय,” गिरिजा म्हणाली.

“का जाऊ दे? मैत्रीण म्हणवते स्वतःला!”

“दाखवा,” सुनेत्रा हळूच म्हणाली. “मी कुठे नाही म्हणतेय?”

विनयने टेप मागे घेतली. गाडीच्या बॉनेटभोवती पाच-सहा जण त्या इवल्याशा पडद्यावर वाकले. बीप ऐकू आला. गिरिजा पिंपापर्यंत धावली, टार्गेटं टिपली, वळली. आणि विनयचा अंगठा आपोआप पॉझवर दाबला गेला.

गिरिजाच्या हातातल्या पिस्तुलाची नळी थेट सुनेत्राच्या पोटावर रोखलेली होती, गिरिजाचं बोट ट्रिगरवर होतं, आणि सुनेत्रा टक लावून गिरिजाच्या चेहऱ्याकडे बघत होती.