रिकामं धाडू नये

जुन्या कॉम्प्युटरमध्ये सीताबर्डीहून आणलेली नवी हार्ड डिस्क बसवून मिनलनं ती फॉरमॅट केली आणि सासऱ्यांना, मधुकररावांना, हळूच सांगितलं, "बाबा, बिघडलेल्या डिस्कमधले आईंचे फोटो नाहीच निघाले. ही एकदम रिकामी आहे." शेजारणीचा डबाही सासूबाईंनी कधी रिकामा परत धाडला नव्हता. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायच्या. मधुकररावांनी भिंतीवरची पत्नीची तसबीर उतरवली, चंदनाचा हार काढला आणि काच सदऱ्यानं पुसली. "रिकामी नको ठेवू वं. पह्यले इले ठेव." मिनलनं तसबीर टेबलावर टेकवून मोबाईलनं तिचा फोटो काढला आणि डिस्कवर टाकला. स्क्रीनवर सासूबाई आल्या. तसबिरीच्या काचेत त्यांच्या खांद्याशी मधुकररावही उमटले होते. "बाबा, बाजूला व्हा, दुसरा काढते." "राहू दे," खुर्ची ओढत ते म्हणाले. "कॅमेरा माह्याच हातात राहे. लग्नानंतर आमचा जोडीनं फोटो निघालाच नव्हता."