रिकाम्या घरातले चोर

कॉम्प्युटरचा पडदा लालभडक झाला होता. 'चारशे बारा धोके सापडले. एकही फाइल उघडलीत तर सगळं पुसलं जाईल. आधी पूर्ण प्रोग्राम विकत घ्या.' गावचं वाचनालय सांभाळणाऱ्या रुमेनाने ते वाचलं आणि माउसवरचा हात चटका बसल्यासारखा काढून घेतला. हा फुकटचा अँटीव्हायरस तिनेच काल उतरवून घेतला होता.

शेजारच्या खुर्चीत काळा रुमाल बांधलेली नेदेल्का बसली होती. उद्या तिच्या नवऱ्याला, स्पासला जाऊन वर्ष होत होतं. गावच्या रीतीप्रमाणे त्याच्या फोटोचा स्मरणाचा कागद दारावर, चौकात आणि बसथांब्यावर लागायलाच हवा. पण स्पास कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचा. त्याचा एकच हसरा फोटो होता, आणि तो वाचनालयाच्या या कॉम्प्युटरात होता. ज्या फोनने काढला, तो फोन तिचा धाकटा दीर दिन्को याने पुढे राकियाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या, भट्टीवरच्या पाण्याच्या हौदात बुडवला होता.

"फुकटचं चीज फक्त उंदराच्या सापळ्यात मिळतं," मागे उभा असलेला दिन्को म्हणाला, आणि बिनलेबलच्या प्लास्टिकच्या बाटलीतून त्याने स्वतःला राकिया ओतून घेतली. एवढं शहाणपण पाजळायला घसा ओला हवाच.

"ही कुठल्या दुकानातली, काका?" रुमेनाने विचारलं.

"दुकानातली कशाला पिऊ? भट्टीवाल्या पेत्कोने दिली, फुकट."

"मग हिला कसं तोंड लावता?"

"भट्टी माझ्या डोळ्यांसमोरची आहे, बाई! आणि पेत्को आधी स्वतः प्यायला. गाळणाऱ्याने आधी प्यायचं, मग दुसऱ्याला द्यायचं. तुझा हा प्रोग्रामवाला आधी प्यायलाय का?"

"भावजी, गप्प बसा जरा," नेदेल्का म्हणाली. मग रुमेनाकडे वळून हळूच बोलली, "एकदा पुरलं गं त्याला. पुन्हा नको."

दिन्कोच्या टोमण्याने रुमेनाच्या डोक्यात प्रकाश पडला होता. तिने कपाटातून वाचनालयाला मिळालेला नवा लॅपटॉप काढला. त्याचं खोकंसुद्धा अजून फोडलेलं नव्हतं. त्यात ना फोटो, ना पत्र, ना कुणाचं नाव. तिने तोच लाल अँटीव्हायरस त्याच्यावर उतरवला आणि तपासणी सुरू केली.

तिघंही वाकून बघत राहिली. पडदा लाल झाला. 'चारशे बारा धोके सापडले.'

"अरे लबाडा!" दिन्को मांडीवर थाप मारून हसला. "रिकाम्या घरात चारशे बारा चोर! तेही तेवढेच!"

"म्हणजे माझ्या फोटोला काही झालं नाही?" नेदेल्काने विचारलं.

"या लाल अक्षरांवर विश्वास ठेवायचं कारण नाही. पण त्याने आत दुसरं काही केलंय का, ते बघायला हवं." रुमेनाने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "यात दुसरा अँटीव्हायरस आहे."

"हाही फुकटच?" दिन्कोने डोळे बारीक केले.

"हाही फुकटच. पण बनवणाऱ्यांचं नावगाव माहीत आहे, आणि गेलं वर्षभर तो माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे. माझ्या पोरीचे बारशापासूनचे फोटो आहेत त्यावर. आधी मी प्यायलेय, काका."

दिन्कोने एक घोट घेतला.

नव्या लॅपटॉपवर त्या दुसऱ्या अँटीव्हायरसला एकच चोर सापडला: तो लाल पहारेकरी. रुमेनाने नेदेल्काकडे पाहिलं. नेदेल्काने रुमालाची गाठ घट्ट केली आणि म्हणाली, "लाव."

जुन्या कॉम्प्युटरवर तपासणी बराच वेळ चालली. दिन्कोचा ग्लाससुद्धा टेबलावर तसाच राहिला. शेवटी इथेही तोच एक चोर निघाला. रुमेनाने त्याला हाकललं आणि जीव मुठीत धरून फोटोवर क्लिक केलं.

स्पास समोर आला. भट्टीशेजारी उभा, गाल लाल, डोळे मिटत आलेले, हसतोय. स्वतः गाळलेल्या पहिल्या धारेचा ग्लास ओठांपाशी, आणि मागे सगळा गाव रिकामे ग्लास घेऊन ताटकळत उभा.

नेदेल्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याच दमात तिला हसूही फुटलं. किती हलकं वाटलं तिला! दिन्कोने आपल्या ग्लासातले दोन थेंब जमिनीवर सोडले, भावासाठी.

"फोटोतला ग्लास कापू का, काकू?" रुमेनाने डोळे पुसत विचारलं. "पाद्रीबाबा रागावतील."

"रागावू देत," नेदेल्का म्हणाली. "ग्लास राहू दे. आधी कोण प्यायचा, ते बघू दे गावाला."