डोंगराला वळसा

रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून बैठक तिथंच ठरली. डॉक्टरीणबाईंनी दात काढायची खुर्ची पार आडवी केली, तिच्यावर नकाशा अंथरला आणि वरचा मोठा दिवा खाली ओढून लावला. नकाशातल्या बारीकसारीक वाटा लख्ख उजळल्या. सुताराने कपाटातून प्लास्टरचा जबडा उचलला आणि नकाशाच्या मधोमध ठेवला.

"हा डोंगर," तो म्हणाला. "आणि हा सुळा म्हणजे आपला सुळका."

तिघंही शाळेपासूनचे दोस्त. एक दातांची डॉक्टर, एक सुतार आणि तिसरी शहरात बस चालवणारी. तिला हे दोघं गिअरबाई म्हणत. बेत तिघांचा होता: घरातून सायकली काढायच्या, थेट डोंगराच्या पायथ्याशी जायचं, मग पायी चढून शिखर गाठायचं. गेला महिनाभर दुसरा विषय नव्हता. गिअरबाई तर सिग्नलला थांबली तरी मनातल्या मनात सामान बांधत असे.

"चढायचं इकडून," डॉक्टरीण बोट फिरवत म्हणाली, "धारेवरून चालत जायचं आणि पलीकडे उतरायचं. परत येताना नदीकाठचा रस्ता. सगळा उतार! नुसतं हँडल धरून बसायचं."

"आणि सायकली?" सुताराने विचारलं. "त्या इकडंच राहिल्या की."

डॉक्टरीण बिस्कीट खात होती. बिस्किटाचा तुकडा तिच्या हातातच राहिला.

"मग आल्या वाटेनं परत उतरू," ती म्हणाली. पण तिचा चेहरा पडला होता. धारेवरून चालायचं म्हणून तर तिनं सगळा घाट घातला होता.

गिअरबाई खिडकीशी उभी होती. एक गोष्ट ती आठवडाभर सांगायची टाळत होती. हाडांच्या डॉक्टरांनी तिचा गुडघा चाचपून सांगितलं होतं: सायकल हवी तेवढी चालवा, पण डोंगर चढायचं विसरा. ती रोज ठरवायची, आज सांगू. आणि रोज यांच्यापैकी कुणाचा तरी फोन यायचा, की अगं, तंबू कुठला घ्यायचा? मग तीच अर्धा तास बोलत बसायची. एवढ्या रंगात आलेल्या गप्पांवर पाणी कोण ओतणार?

"मी चढणार नाहीये," ती एकदम म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. तिनं गुडघ्यावर हात ठेवून एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मग डोंगर रद्द," सुतार लगेच म्हणाला. "नुसती सायकल मारू. तिघं मिळून."

"हो, हो," डॉक्टरीण म्हणाली आणि नकाशाची घडी घालायला लागली.

"खबरदार!" गिअरबाई जवळजवळ ओरडलीच. तिनं नकाशावर पंजा आपटला. "रद्दबिद्द काही नाही. माझ्या गुडघ्यापायी तुम्ही घरी बसलात, तर जन्मभर मला ऐकवाल. मी ओळखून आहे तुम्हाला."

मग तिची नजर नकाशावर गेली. डोंगराच्या पायथ्याशी एक बारीकशी पिवळी रेघ होती. ती डोंगराला चिकटून वळत वळत पार पलीकडे पोचत होती. तिनं त्या रेघेवर बोट टेकवलं आणि हळूहळू पुढे नेलं. मध्ये एक तळं लागलं, दोन गावं लागली, एक पूल लागला.

"मी अशी येते," ती म्हणाली. तिचा आवाजच बदलला होता. "तुम्ही वरून या, मी खालून. तुमच्या सायकली मी पलीकडे पोचवते."

"एकटी?" डॉक्टरीण म्हणाली.

"अगं, रोज पन्नास माणसं घेऊन फिरते मी. एकटीनं जायला मिळतंय कधी?"

"आणि आमच्या सायकली काय डोक्यावर घेणार?"

पण सुतार तोवर खाली बसला होता. रुग्णाच्या गळ्यात बांधायचा कागद त्यानं फरशीवर पसरला आणि पेन्सिल चालवायला लागला. दोन चाकं, वर हलकी फळी, पुढे एक दांडा, तो गिअरबाईच्या सायकलच्या सीटखाली अडकवायचा. "सायकलींची चाकं काढायची, आडव्या निजवायच्या, वर पट्टे आवळायचे," तो पुटपुटत होता. "रस्ता सपाट आहे ना?"

"तळहातासारखा," गिअरबाई म्हणाली. तिला काहीएक माहीत नव्हतं.

"जड होईल गं."

"तू गाडा कर. ओढायचं माझं मी बघते. आणि ब्रेक घाल त्याला. ब्रेक नसलेली गाडी मी हातात घेत नाही."

तिघंही हसली. डॉक्टरीणबाईंनी घडी पुन्हा उलगडली. तळ्याकाठी मुक्काम करायचा की पुलापाशी, यावर जोरात वाद झाला. गिअरबाई तळ्याच्या बाजूने भांडली आणि जिंकली. धारेवर वारा फार असेल म्हणून दोर न्यायचा ठरला. सुतार गाड्याला कुठला रंग द्यायचा, ते विचारत होता.

डॉक्टरीण मात्र मध्येच थांबली. तिनं मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"पण शिखर हुकलं की गं तुझं."

गिअरबाईनं क्षणभर विचार केला. तिला खरंच वाईट वाटतंय का, हे तिनं तपासून पाहिलं.

"तुम्ही वर असाल तेव्हा तुम्हाला पायाखालचे दगड दिसतील," ती म्हणाली. "डोंगर मला दिसणार. सकाळी एका बाजूनं, संध्याकाळी दुसऱ्या."

सुतारानं पेन्सिल कानामागे खोचली आणि त्या पिवळ्या रेघेकडे वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गाडा ओढायला कुणी जोडीला नको का तुला?" तो म्हणाला.

"आणि मी काय एकटीच चढू?" डॉक्टरीण म्हणाली. "मग मीही खालूनच येते."

"अजिबात नाही," गिअरबाई म्हणाली. "तुम्ही मुकाट्यानं वर जा. ही वाट माझी आहे."