बोलायचं तर जिन्यात

सोनियानं सातव्यांदा प्रोग्राम चालवला आणि सातव्यांदा तो गप्प झाला. काळी खिडकी उघडली, डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली, आणि बस्स. ना चूक दाखवली, ना उत्तर. तिनं खिडकी बंद केली.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. सहाच्या आत गृहपाठ वेबसाइटवर चढवायचा होता. जावा प्रोग्रामिंगच्या त्या मोफत ऑनलाइन वर्गाचा नियम साधा होता: तीन गृहपाठ चुकले की नाव कट, जागा पुढच्याला. सोनियाचे दोन चुकले होते.

आणि गृहपाठ तरी केवढा! प्रोग्रामनं पाच मैत्रिणींची नावं विचारायची, ॲरेच्या, म्हणजे ओळीनं मांडलेल्या, पाच कप्प्यांत एकेक भरायची, मग शेवटून पहिल्यापर्यंत छापायची. वर्गाच्या ग्रुपवर बेचाळीस जण होते. प्रोग्राम अडकतोय, कुणी सांगेल का, असं तिनं दुपारीच तिथं विचारलं होतं. एकोणतीस जणांनी वाचलं. एकानं अंगठा दाखवला, तो कशाबद्दल ते त्यालाच ठाऊक.

इथं अभ्यासिकेत तर विचारायची सोयच नव्हती. बजाजनगरातल्या विहाराच्या वरच्या मजल्यावरची ही खोली, नंबर टाकलेल्या चाळीस खुर्च्या, कोपऱ्यात एकच कॉम्प्युटर, आणि भिंतीवर सांडूमामांच्या हातची पाटी: बोलायचं तर जिन्यात. सांडूमामा दाराशी फूटपट्टी घेऊन बसायचे. कुणी कुजबुजलं की टेबलावर फट्! बोलणाऱ्या मुली निमूट उठून जिन्यात जायच्या आणि मग तिथून त्यांचं हसणं वर यायचं. सोनिया चार महिने रोज येत होती. जिना तिला फक्त चढायला आणि उतरायला लागायचा.

आठव्यांदा तेच. तिनं माऊस जरा जोरातच आपटला.

शेजारून एक चिठ्ठी सरकत आली. ‘आवाज कमी.’ पाठवणारी खुर्ची चौदा. तिशीची बाई, पुढ्यात स्पर्धा परीक्षेची जाड पुस्तकं, डोळ्यांत कायम कालची राहिलेली झोप.

चार महिन्यांत या खोलीत सोनियाला कुणी काही म्हटलं असेल तर एवढंच. तिनं चिठ्ठी उलटवली आणि मागं लिहिलं, ‘सॉरी ताई. हे सारखं बंद पडतंय. सहा वाजता माझं नाव कट होणार.’

चौदा नंबरनं वाचलं. सांडूमामांकडं एकदा पाहिलं. मग खुर्ची न वाजवता जवळ सरकवली आणि बारीक डोळे करून, आधी कधीतरी हे शिकलेल्या माणसासारखी, स्क्रीनवरची ओळ न् ओळ वाचून काढली.

“बंद नाय पडलेलं,” ती अगदी हळू म्हणाली. “वाट बघतंय. तू कायतरी टाकशील म्हणून.”

“मग तसं म्हणत का नाही?”

“तू म्हणायला सांगितलंच नाय त्याला. आपणहून कसं बोलंल ते? नाव घ्यायच्या आधी एक ओळ टाक, नाव सांगा म्हणून.”

सोनियानं ओळ टाकली. चालवलं. काळ्या खिडकीत अक्षरं उमटली: नाव सांगा. शेजारी तीच पांढरी रेघ लुकलुकत होती.

आता सोनियाची बोटं थांबली. पाच मैत्रिणी. मनाला येतील ती नावं टाकली असती तरी चाललं असतं, वर्गाचे सर काय घरी येऊन मोजणार होते का! पण तिनं मान वळवून एकदा खोलीभर पाहिलं आणि टाइप केलं, खुर्ची नऊ. ती दप्तरात हात घालून चोरून शेंगदाणे खायची. मग खुर्ची बावीस, पाठ करताना पाय हलवणारी. खुर्ची बारा. खुर्ची एकतीस.

पाचव्यांदा तोच प्रश्न आला.

“ताई, तुमचं नाव काय?”

“माझं कशाला?”

“एक कप्पा राहिलाय.”

बाईनं आपल्या पुस्तकांकडं पाहिलं. जणू नाव पुस्तकांखाली कुठंतरी ठेवलं होतं आणि ते काढायला वेळ लागत होता.

“रत्नमाला.”

सोनियानं ते टाकलं आणि यादी उलटी होऊन बाहेर पडली. सगळ्यात वर रत्नमाला, तिच्या खाली चार खुर्च्या. पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी गृहपाठ चढला आणि वेबसाइटवर हिरवी खूण आली.

रत्नमाला अजून ती यादीच बघत होती.

“ह्या खुर्च्या कोण?”

“मैत्रिणी.”

रत्नमालानं वळून नऊ नंबरकडं पाहिलं. नऊ नंबरचा हात दप्तरात होता आणि गाल फुगलेला. रत्नमालाला हसू आवरलं नाही. चांगलं मोठ्यानं आलं.

फट्.

“चौदा नंबर, लई झालं,” सांडूमामा म्हणाले. “दोघी बी जिन्यात.”

दोघी जिन्यात आल्या. रत्नमाला कठड्याला टेकली. सोनिया एक पायरी खाली उभी राहिली. रस्त्यावरून कामगारांची बस गेली, तिचा आवाज संपेपर्यंत दोघी थांबल्या.

मग आवाज संपला. रत्नमालानं सोनियाकडं पाहिलं, सोनियानं रत्नमालाकडं. वरच्या वळणावरचा दिवा सारखा लुकलुकत होता, आणि दोघी वाट बघत उभ्या होत्या, दुसरी काहीतरी बोलेल म्हणून.