नीरोगी बाजूचा मोजा

काचेच्या नळीत सोडलेले डास पुन्हा उजवीकडेच वळले, तेव्हा हेमांगी सहायकावर वैतागली. "येरमेकाका, मोज्यांची चुकून अदलाबदल केलीत ना?"

"नाही हो मॅडम. डावीकडे मलेरियाच्या पेशंटचा आहे आणि उजवीकडे तुम्ही घरून आणलेला."

नळीला पुढे दोन फाटे होते आणि दोन्ही टोकांना एकेक वापरलेला मोजा. मलेरियाचा जंतू माणसाच्या अंगाचा वास बदलतो, त्या वासाकडे डास वेड्यासारखा ओढला जातो, आणि चावून उडालेल्या डासाबरोबर जंतू पुढच्या घरी पोचतो. लाखो वर्षं मुरलेली ही मिलीभगत हेमांगी वर्गात अगदी रंगवून सांगायची.

आज नीरोगी माणसाचा मोजा मिळेना, म्हणून निघताना तिनं लेकीच्या शाळेच्या बुटातला कालचा मोजा उचलून आणला होता. आता तिनं स्वतःच्या हातानं बाजू बदलल्या. डास क्षणभर घुटमळले आणि झुंडीनं लेकीच्याच मोज्यावर तुटून पडले.

गडचिरोलीला मामाकडे राहून आल्यापासून पोरीला अधूनमधून कणकण होती. परीक्षेची धास्ती घेतलीय म्हणत हेमांगी दर वेळी तापाची गोळी देऊन मोकळी व्हायची.

तिनं नवऱ्याला फोन लावला.

"अगं, शाळेत नाही पाठवलं आज," तो म्हणाला. "सकाळपासून गाढ झोपलीय. जेवायला म्हणून हाका मारल्या, हलवलंसुद्धा, पण जागीच होईना. म्हटलं, झोपू दे."