तंबूच्या खुंट्या

तंबू मीच उभारणार, असं सांगत मी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. आईच्या ऑपरेशननंतरची ही आमची पहिलीच सहल. डोंगर चढून तळ्याकाठी पोचलो, मी ऐटीत तंबू पसरला, तर खुंट्या गायब! "आईच्या सॅकमध्ये मीच भरल्या होत्या, शप्पथ!" मी बाबांना म्हटलं. वाऱ्याने तंबू फडफडायला लागला. तेवढ्यात पाच वर्षांचं आमचं शेंडेफळ पुटपुटलं, "मी काढून घरी पलंगाखाली ठेवल्या. डॉक्टरकाका म्हणालेत ना, आईने जड उचलायचं नाही?" बाबांनी कपाळावर हात मारला. माझं डोकंच सणकलं, पण तोंड उघडायच्या आत आईने त्याला उचलून छातीशी धरलं. "तरीच आज दमायला झालं नाही, राजा!" सतरा किलोंचं धूड ते! बाबा घाबरून पुढे झाले. मी त्यांचा हात ओढला. "राहू द्या, बाबा. चला, तंबूला दगड लावू."